पाच एकर, पाणी वगळून

अमेरिकेत आपत्तीच्या तयारीत राहणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. वीज गेली, दुकानं ओस पडली, शहरात राहणं अशक्य झालं, तर आपण कुठे असावं याचा विचार ही माणसं वर्षानुवर्षं करत असतात, आणि तो बहुतेक वेळा नकाशा पुढ्यात घेऊनच होतो. मोठं शहर लांब हवं, समुद्रकिनारा नको, अणुभट्टी नको. वस्ती विरळ हवी, जमीन स्वस्त हवी, कर कमी हवेत आणि बांधकामाचे नियम सैल असतील तर सोन्याहून पिवळं. जेम्स वेस्ली रॉल्स या लेखकाने 2011 मध्ये आयडाहो, मोंटाना, वायोमिंग आणि शेजारच्या ऑरेगन-वॉशिंग्टनचा पूर्व भाग मिळून एक सुरक्षित प्रदेशच आखून दिला, आणि तेव्हापासून ‘कुठली काउंटी चांगली?’ हा प्रश्न तिथे आपल्याकडच्या ‘कुठलं स्थळ चांगलं?’ इतक्याच गांभीर्याने विचारला जातो.

काउंटी हा राज्याच्या खालचा प्रशासकीय घटक. तिचा स्वतःचा शेरिफ असतो, जमिनीच्या नोंदींचं कार्यालय असतं, जमीनवापराचे स्वतःचे नियम असतात. कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाला, न्यू मेक्सिकोला खेटून, कोस्तिया नावाची अशी एक काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे 3,180 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडंच कमी. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 3,499. ऊन वर्षभर, त्यामुळे सौरऊर्जेला उत्तम. पाच एकरांचा तुकडा काही हजार डॉलरांत मिळतो, शहरातल्या जुन्या मोटारीच्या किमतीत. वरच्या अटी एकेक करून लावून बघितल्या तर कोस्तिया जवळजवळ सगळ्या पुऱ्या करते. ही काउंटी नमुना म्हणून घेण्याचं कारण तेच. एवढ्या अटी पुऱ्या होऊनही माणूस तिथे दुसरा हिवाळा का काढू शकत नाही, हे समजलं की जागा पारखण्याबद्दल बरंच काही समजतं.

जमीन घेऊन स्वतःच्या हिमतीवर राहायचं, आपलं अन्न आपण पिकवायचं, घर आपण बांधायचं, याला तिथे होमस्टेडिंग म्हणतात. त्यामागे एक कायदा आहे. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकनने सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार कुटुंबप्रमुखाला सरकारी जमिनीपैकी 160 एकर जवळजवळ फुकट मिळत. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. 1976 साली हा कायदा रद्द झाला, अलास्कात मात्र आणखी दहा वर्षं चालला. तोवर सुमारे 16 लाख दावे मंजूर होऊन 27 कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या एकूण भूमीचा दहावा हिस्सा, वाटली गेली होती. ही जमीन मुळात कोणाकडून काढून घेतली होती, हा प्रश्न कायद्याने विचारला नव्हता. कोस्तिया ज्यात मोडते त्या सान लुईसच्या खोऱ्यात युट जमातीचे आदिवासी ऋतूप्रमाणे येत-जात असत. 1868 च्या तहाने तो प्रदेश त्यांच्या हातून गेला.

160 हा आकडा पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशातून आला होता. तिथे एवढ्या जमिनीत एक कुटुंब सुखाने जगे. पश्चिमेला पाऊस निम्म्यावर येतो, आणि तिथे हाच आकडा लोकांच्या गळ्यात अडकला. हे पहिल्यांदा नीट मांडलं जॉन वेस्ली पॉवेलने. यादवी युद्धात एक हात गमावलेला, 1869 मध्ये होड्यांतून ग्रँड कॅन्यन पार करणारा हा माणूस. 1878 साली त्याने कोरड्या प्रदेशातील जमिनींविषयीचा अहवाल सरकारला दिला. वर्षाला 20 इंचांहून कमी पावसात पाटपाण्याशिवाय शेती भरवशाची नाही, हे त्याचं पहिलं म्हणणं. पाटाचं पाणी असेल तर एका कुटुंबाला 80 एकर पुरे, नसेल तर गुरं चारून जगायला 2,560 एकर हवेत, हे दुसरं. तिसरं म्हणणं सगळ्यात मूलगामी: जमीन चौकोनांत न वाटता पाणलोटाप्रमाणे वाटावी, आणि पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला राहावा.

हे कोणालाच आवडलं नाही. जमिनीचे व्यापारी, रेल्वे कंपन्या, पश्चिमेचे पुढारी यांना वस्ती वाढवायची होती. नांगर चालला की पाऊस आपोआप मागून येतो असा एक सिद्धान्त तेव्हा गंभीरपणे मांडला जात होता आणि त्याला वैज्ञानिकांचाही पाठिंबा होता. 1893 मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेलने सांगितलं की एवढ्या जमिनीला पुरेल इतकं पाणी पश्चिमेत नाहीच, तेव्हा सभागृहाने त्याची हुर्यो उडवली. पुढे सरकारने तुकडा 1909 मध्ये 320 एकरांचा आणि 1916 मध्ये गुरं पाळणाऱ्यांसाठी 640 एकरांचा केला. पॉवेलच्या आकड्याच्या तो चौथाई होता. 1930 च्या दशकात मधल्या मैदानांवरची माती उडून गेली त्याचं एक मूळ या हिशेबात आहे. जागा पारखण्याच्या विषयावर इंग्रजीत पुष्कळ पुस्तकं निघतात. पॉवेलचा जुना सरकारी अहवाल त्यातल्या बहुतेकांहून उपयोगाचा आहे, असं माझं मत आहे.

आता कोस्तियाकडे. सान लुईस हे काउंटीचं मुख्य गाव 1851 साली वसलं. कोलोरॅडोतलं सलग वस्ती असलेलं सगळ्यात जुनं गाव ते. वसवणारे लोक दक्षिणेकडून, न्यू मेक्सिकोतून आलेले स्पॅनिशभाषक शेतकरी. मेक्सिकोच्या अमलाखालच्या न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरने 1840 च्या दशकात दिलेल्या सांग्रे दे क्रिस्तो नावाच्या सुमारे दहा लाख एकरांच्या वतनावर ते वसले. जागा कशी पारखावी याचा त्यांनी घालून दिलेला धडा अजून जमिनीवर दिसतो. प्रत्येक कुटुंबाला त्यांनी लांबट पट्टी दिली. वारा नावाच्या, आपल्या हातभराच्या दुपटीहून किंचित कमी मापाने रुंदी मोजायची आणि लांबी नदीपासून डोंगराच्या दिशेने कित्येक मैल जाऊ द्यायची. म्हणजे एकाच पट्टीत नदीकाठची ओलवण आली, पाटाखालचं रान आलं, वरचं माळरान आलं. चांगली जमीन एकाला आणि खडक दुसऱ्याला असं झालं नाही. त्याखेरीज गुरांसाठी ला वेगा नावाचं सामाईक कुरण राखलं, ते आजही सामाईकच आहे. डोंगरावरचं सरपण, लाकूड आणि चराई सगळ्यांची.

आणि वसल्यावर पुढच्याच वर्षी, 10 एप्रिल 1852 रोजी, त्यांनी पाट खणला. सान लुईस पीपल्स डिच या पाटाचा हक्क कोलोरॅडोतला सगळ्यात जुना पाणीहक्क मानला जातो. तेव्हा कोलोरॅडो नावाचा प्रांतसुद्धा अस्तित्वात नव्हता, तो 1861 चा. असेकिया म्हणतात या पाटांना. पाटाचा कारभारी मायोर्दोमो. कोणाची पाळी कधी, पाणी कमी असेल तर किती, वसंतात पाट साफ करायला कोणाच्या घरून कोण येणार, हे तो बघतो. पांझरा आणि मोसम नद्यांवरची आपली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही बंधारा, पाट, पाटकरी, आणि पाणी कमी असलं की सगळ्यांनी मिळून कमी क्षेत्र भिजवायचं. दोन्ही ठिकाणी दुष्काळाची तयारी कोणाच्या तळघरात नव्हती, पाळीपत्रकात होती. कोलोरॅडोच्या विधिमंडळाने 2009 मध्ये असेकियांना कायद्याची मान्यता दिली. तोवर दीडशे वर्षं त्या कायद्याविना चालल्याच होत्या.

मग 1960 च्या सुमारास आणि त्यानंतर दुसरी वाटणी झाली. गुरांचे मोठे मळे विकत घेऊन, नकाशावर पट्टीने रेघा ओढून, पाच-पाच एकरांचे हजारो तुकडे पाडले गेले आणि टपालाने देशभर विकले गेले. पश्चिमेतला आपला स्वतःचा तुकडा, महिना थोडे डॉलर. घेणाऱ्यांपैकी अनेकांनी जागा कधी बघितलीही नाही. राज्याने 1972 मध्ये 35 एकरांहून लहान तुकड्यांवर काउंटीला नियंत्रण दिलं, पण तोवर कागदावर पडलेले प्लॉट पडलेलेच राहिले. आज स्वस्तात मिळतात ते हे. 1851 ची वाटणी नदीपासून सुरू झाली होती. या वाटणीत नदी कुठे आहे हे बघायचं कोणाला कारणच नव्हतं.

स्वस्ताईचं खरं कारण कोलोरॅडोच्या पाणी कायद्यात आहे. तिथे पाणी जमिनीबरोबर येत नाही. ज्याने आधी वापरायला सुरुवात केली त्याचा हक्क आधी, हे तत्त्व राज्यघटनेतच आहे आणि 1882 पासून न्यायालयांनी ते काटेकोर पाळलं आहे. रिओ ग्रांदे नदीचं पाणी न्यू मेक्सिको आणि टेक्साससाठी सोडण्याचा 1938 चा करार वर आहेच. तेव्हा 2020 मध्ये येणारा माणूस 1852 च्या पाटामागे रांगेत उभा राहतो. 35 एकरांहून लहान प्लॉटवर विंधन विहिरीचा परवाना मिळतो तो बहुधा फक्त घरगुती वापराचा, आणि घरगुती म्हणजे अक्षरशः घरातला. बाहेर नळी लावून वाफे भिजवायचे नाहीत, शेळ्यांना पाजायचं नाही. छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं तर 2016 पर्यंत बहुतेकांना बेकायदाच होतं. त्या वर्षी राज्याने मोठं मन करून प्रत्येक घराला दोन पिंपं, मिळून 110 गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरांच्या आत, साठवायला परवानगी दिली. स्वतःचं अन्न पिकवायला निघालेल्या माणसाला हे जमीन घेतल्यावर कळतं. मग टाकी बसवायची, ट्रकमधून पाणी आणायचं, आणि थंडीत ती टाकी गोठू नये म्हणून वेगळी उठाठेव.

थंडीचंही सांगायला हवं, कारण तिचा अंदाज आपल्याला येत नाही. सान लुईस कळसूबाईच्या माथ्याहून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचावर आहे. चहूबाजूंनी डोंगर, आणि रात्री गार हवा खोऱ्यात उतरून बसते. शेजारच्या अलामोसात 28 जानेवारी 1948 रोजी उणे 45 अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं होतं. ते टोक झालं, पण उणे 18-20 च्या रात्री दर हिवाळ्याला ठरलेल्या. हिमदव पडत नाही असे महिने शेतीला मिळतात जेमतेम तीन. खोऱ्याच्या तळात पाऊस-बर्फ मिळून वर्षाला 180 ते 200 मिलिमीटर पडतो. आपल्या माण तालुक्यात याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरीही खोरं पिकतं. बटाटा, बार्ली, लुसर्न घास, अलीकडे किनवा. आणि जुन्या घरांतून मातीच्या भट्टीत भाजून वाळवलेला मका, चिकोस. मात्र हे सगळं पाटाखाली किंवा जुन्या हक्काच्या विहिरींवर. टोमॅटो, भोपळे काढायचे तर काचघर हवं. काचघराला पाणी हवं. पुन्हा तिथेच.

ज्यांनी सपाटीऐवजी डोंगराकडचे, झाडीतले प्लॉट घेतले त्यांना सरपण मिळालं, सावली मिळाली. पण 27 जून 2018 रोजी काउंटीतल्याच फोर्ट गार्लंडजवळ वणवा लागला. स्प्रिंग क्रीक वणवा म्हणून तो ओळखला जातो. त्यात 1,08,000 एकर रान जळलं आणि शंभराहून अधिक घरं गेली. पूर्वेकडे खिंडीतून जाणारा महामार्ग 160 बंद करावा लागला. राज्याच्या इतिहासातल्या तोवरच्या सगळ्यात मोठ्या वणव्यांपैकी हा एक. वस्ती विरळ म्हणून जी जागा निवडली, तिथे अग्निशमन दल स्वयंसेवकांचं असतं आणि बाहेर पडायचा रस्ता अनेकदा एकच असतो. विरळ वस्तीची ही बाजू यादीत लिहिलेली नसते.

धोका मोजण्याचे तयार आकडे मिळतात. त्यांच्याविषयी सावध करणं भाग आहे. अमेरिकेच्या संघीय आपत्ती यंत्रणेने प्रत्येक काउंटीसाठी राष्ट्रीय जोखीम निर्देशांक तयार केला आहे. पूर, वणवा, भूकंप, चक्रीवादळ धरून अठरा नैसर्गिक आपत्ती त्यात मोजल्या आहेत. त्याचा पाया म्हणजे वर्षाला अपेक्षित नुकसान, डॉलरांत. आता जिथे घरं थोडी, आणि असतील ती स्वस्त, तिथे नुकसान डॉलरांत कमीच भरणार. नकाशावर अशी काउंटी शांत, फिक्या रंगात दिसते. तिथे राहणाऱ्या एका कुटुंबाला वणवा लागण्याची शक्यता आणि काउंटीचं एकूण नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारला मदतीचा निधी वाटायचा आहे, त्या कामाला निर्देशांक चांगला आहे. जागा शोधणारा त्याच्याकडून जे मागतो ते देण्यासाठी तो बनवलेलाच नाही. सामाजिक दुबळेपणा आणि समाजाची सावरण्याची ताकद हे दोन घटक त्यात गुणले-भागले जातात, ते मात्र वाचावेत. इस्पितळाची सोय किती, वाहन नसलेली घरं किती, वृद्ध किती, हे त्यांतून कळतं. कोस्तियात इस्पितळ नाही. सान लुईसहून अलामोसाचं इस्पितळ सुमारे 65 किलोमीटरवर आहे, आणि हिवाळी वाऱ्यात तो रस्ता आपल्या मर्जीने उघडा राहत नाही.

नकाशावर शांत दिसणारी जागा फसवते, याचं दुसरं उदाहरण कोलोरॅडोबाहेरचं. नॉर्थ कॅरोलायना राज्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग हवामानबदलाच्या काळातला आसरा म्हणून कित्येक वर्षं नावाजला जात होता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, थंड, हिरवा. 27 सप्टेंबर 2024 रोजी हेलीन वादळाचा पाऊस तिथे कोसळला. राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली, रस्ते दरीत गेले, ॲशव्हिल शहराच्या नळाला पुन्हा पिण्याजोगं पाणी यायला 53 दिवस लागले. काही वाड्यांवर पहिली रसद पोहोचली ती खेचरांच्या पाठीवरून. ज्यांच्याकडे झरा होता, आणि ज्यांच्या झऱ्यावर शेजारी हक्काने येऊ शकत होते, त्यांचं बरं निभावलं. साठा केलेलं धान्य उपयोगी पडलंच, नाही असं नाही. पण कोणाच्या घरी ऑक्सिजनवर माणूस आहे हे कोणाला ठाऊक आहे, यावर पहिले चार दिवस ठरले.

हा शेजाराचा मुद्दा पत्रकार टेड कॉनोव्हरच्या 2022 मधल्या ‘चीप लँड कोलोरॅडो’ या पुस्तकात फार चांगला आला आहे. सान लुईस खोऱ्यातल्या मोकळ्या माळावर विजेच्या तारांविना राहणाऱ्या लोकांमध्ये त्याने कित्येक महिने काढले, एका बेघरांसाठीच्या संस्थेचा स्वयंसेवक म्हणून घरोघरी सरपण पोहोचवलं, पुढे स्वतः पाच एकरही घेतले. त्याला भेटलेली माणसं एकटं राहायला आलेली होती आणि सरपणाच्या गाडीची वाट बघत होती. काहींना शहरातलं भाडं परवडत नव्हतं, काहींना कोणाचं ऐकायचं नव्हतं, काहींना दोन्ही. 2015 च्या सुमारास काउंटीने सांडपाण्याची टाकी, तात्पुरत्या मुक्कामाचे परवाने यांचे नियम आवळले तेव्हा मोठा वाद झाला. नव्या लोकांना ती सरकारची दादागिरी वाटली. जुन्या गावकऱ्यांना वाटलं, आमच्या पाटाच्या वर तुमचा मैला नको. मला इथे जुन्यांची बाजू पटते. नियम नाहीत म्हणून जागा निवडणारा माणूस हे विसरतो, की नियम शेजाऱ्यालाही नसतील.

पण जुन्यांनाही सगळं सुखाने मिळालेलं नाही. वतनाचा मालक कार्लोस बोबियन याने 1863 मध्ये लिहून दिलेल्या कागदात वसलेल्या लोकांना चराई, पाणी, सरपण आणि लाकूड यांचे हक्क दिले होते. 1960 साली डोंगराचा 77,000 एकरांचा भाग जॅक टेलर या लाकूड व्यापाऱ्याने घेतला आणि कुंपण घालून वाट बंद केली. गुरं विकावी लागली, लोक गाव सोडून गेले. 1981 मध्ये दावा दाखल झाला, आणि 2002 साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने लोबातो विरुद्ध टेलर खटल्यात चराई, सरपण आणि लाकडाचे हक्क परत दिले. शिकार आणि मासेमारीचे दिले नाहीत. डोंगराचे मालक बदलले, उंच कुंपणावरून पुन्हा कोर्टकचेरी झाली. तरी एक गोष्ट उरते: ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद सांभाळून ठेवले आणि एकत्र राहून खटला लढवला, त्यांच्याकडे आज सरपण आहे. स्वतंत्रपणे प्लॉट घेतलेल्याकडे खरेदीखत आहे.

मराठी वाचकाला या सगळ्याचं काय, असं कोणी विचारेल. सह्याद्रीच्या उतारावर आणि धरणांच्या काठाने गुंठ्यांत पाडलेले प्लॉट ज्यांनी बघितले आहेत ते विचारणार नाहीत. आपल्याकडे कायदा वेगळा आहे, पाऊस वेगळा आहे आणि कोस्तियाचे नियम इथे लागू करण्यात अर्थ नाही. पण जमिनीपासून पाणी सुटं करून बघण्याची सवय आपल्यालाही हवी. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी एकरावर न वाटता माणशी वाटलं, भूमिहीनांनाही हिस्सा दिला आणि ऊस वर्ज्य केला. पॉवेलने ते बघितलं असतं तर त्याला आनंद झाला असता, आणि थोडा वादही त्याने घातला असता, कारण त्याला पाणी जमिनीला बांधून हवं होतं.

या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत बंकर, बंदुका आणि पंचवीस वर्षं टिकणारे डबे यांविषयी काही नाही. त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पहिलं प्रकरण नोंदणी कार्यालयातल्या पाणीहक्कांच्या वह्या कशा वाचाव्यात याचं आहे, त्यानंतर रस्ते, सरपण, वणवा, इस्पितळ, शाळा आणि ओसाड पडलेली घरं. ओसाड घरांवर मी जास्त पानं खर्च केली आहेत. कोण आलं होतं, किती वर्षं टिकलं आणि कशामुळे गेलं, याइतकी खरी माहिती विक्रेत्याच्या कुठल्याच कागदावर मिळत नाही. जमिनीच्या किमतीचं प्रकरण शेवटी आहे. कोणी थेट तिथून वाचायला सुरुवात केली तर हरकत नाही. पहिल्याच पानावर त्याला पाण्याच्या प्रकरणाकडे परत पाठवलं आहे.